केकवरचे रंगीत दाणे आणि पाठ कोरी असलेली पिशवी

गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक माझ्याकडे ठरला होता. त्यांनी विचारलं, "त्या चांदीच्या गोळ्यांत काय असतं हो? बाळाच्या तोंडात गेल्या तर चालतील ना?"

मी पिशवी हातात घेतली. साधी पारदर्शक पिशवी, तोंडाला पिन मारलेली, आत चकचकीत दाणे. कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. सहा वर्षं घरून केक करून देतेय आणि ती पिशवी मी एकदाही उलटून बघितली नव्हती. ताईंना खरं ते सांगितलं, मला माहीत नाही. त्या केकवर पिस्त्याची पूड आणि गुलाबाच्या पाकळ्या गेल्या. वर्षाच्या बाळाला टणक गोळी घशात अडकण्याची भीती असतेच, ती वेगळी.

त्या रात्री मी वजनकाटा काढला. अर्ध्या किलोच्या केकला चारी बाजूंनी स्प्रिंकल्स, म्हणजे हे शोभेचे रंगीत दाणे, चिकटवायला ८० ग्रॅम लागले. आठ तुकडे केले तर प्रत्येकी १० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे साखर निव्वळ शोभेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. लहान मुलाला त्याहून कमी. पण प्रामाणिकपणे सांगते, नुसती वर चिमूटभर भुरभुरवली तर अख्ख्या केकला ५ ग्रॅमही लागत नाही, आणि क्रीममधल्या-स्पंजमधल्या साखरेपुढे ती किरकोळ आहे. त्यामुळे साखरेसाठी फक्त स्प्रिंकल्सना दोष देणं मला पटत नाही.

माझी काळजी रंगाची आहे. दाण्यात साखर, स्टार्च, थोडं तेल, वर चकाकीसाठी बहुतेक वेळा लाखेचा थर, आणि रंग. आपल्याकडे परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आहेत, त्यांना प्रमाणाची मर्यादा आहे, आणि पाकिटावर त्यांचं नाव किंवा नंबर छापावा लागतो. १०२ म्हणजे टारट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पॉन्सो. यांपैकी कुठलाही एक रंग ज्यात आहे त्या पदार्थांवर युरोपात २०१० पासून इशारा छापतात, की मुलांच्या चंचलपणावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो. पुरावा पक्का नाही, असं तिथलेही तज्ज्ञ म्हणतात. ठीक आहे. पण तिथल्या आईला निदान वाचायला तरी मिळतं. बिनलेबलाच्या पिशवीत कुठला रंग आहे, किती आहे, तो खायचा तरी आहे का, हे मी कशावरून सांगू?

शोभेची साखर आपल्याला काही नवी नाही. माझी आजी संक्रांतीचा हलवा घरी करायची. शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात, परातीत खसखस. दूध घालून मळी काढलेला एकतारी पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. बोटं लाल व्हायची. तीन-तीन दिवस चालायचं ते, आणि थंडी पडली नाही तर काटाच यायचा नाही. तोही साखरच होता, त्याला पौष्टिक म्हणणार नाही मी. पण तो वर्षातून एकदा व्हायचा, पांढराशुभ्र असायचा, आणि हातावर चिमूटभरच मिळायचा. आता शाळेतला वाढदिवस, सोसायटीतला वाढदिवस, मॉलमधलं आईस्क्रीम, सगळ्यावर मूठभर रंग.

माझ्या दुकानदाराकडे मी सीलबंद, घटक छापलेला माल मागितला. "मॅडम, हेच सगळे नेतात," म्हणाला. मी दोनदा रिकाम्या हाताने परत आले. तिसऱ्या खेपेला त्याने दोन बरण्या काढून ठेवल्या होत्या. महाग आहेत, पण मागे सगळं छापलेलं आहे. आता ऑर्डर घेताना त्या मागच्या बाजूचा फोटो मी आधीच पाठवते. केक करणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही दुकानात मागा. आणि केक घेणाऱ्यांनो, त्या ताईंसारखं बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही.