कललेलं झाड ओढायचं की त्याला टेकू द्यायचा?

वादाचं कारण सोसायटीच्या गेटजवळचा पर्जन्यवृक्ष. आठवडाभर आळ्यात पाणी तुंबलंय आणि झाड पार्किंगकडे कललंय.

"क्रेन बोलवा, पट्टा बांधा, करा सरळ," कंत्राटदार.

"4 इंची बुंधा असता तर चाललं असतं," माळीकाका म्हणाले. "हे 2 फुटी खोड आहे. ओढलंस तर धरून असलेली मुळंही तुटतील. आधी कल नवा आहे का ते बघ. जुना असेल तर खोड वर जाता जाता वळून शेंडा उभा झालेला असतो. नवा असेल तर कलाच्या उलट बाजूची माती फुगते, भेगाळते."

भेग होतीच. बोटभर रुंद, बुंध्याभोवती कमानीसारखी.

"काळ्या मातीत भेगा पडतातच की!"

"उन्हाळ्यात. भर पावसात पडली म्हणजे मुळं उचलली जातायत. गाड्या आत्ताच हलवा."

"मग मातीचा भर घालू."

"अजिबात नको. तुंबलेल्या पाण्यामुळे मुळांना आधीच हवा मिळत नाहीये. उलट पेव्हर ब्लॉक काढ, बुंध्याचा पसरट भाग उघडा कर."

"पहारीनं भोकं पाडून खडी भरली तर?" सिव्हिलवाला.

"पाण्याला बाहेर वाट नसेल तर त्या भोकांत पाणीच साचेल. फांद्यांच्या घेराबाहेर 2 फूट खोल चर घ्या. त्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, 20 मिमी खडी आणि भोकं असलेला 4 इंची पाइप. 100 फुटांना 1 फूट उतार. अंगठ्याहून जाड मूळ आडवं आलं तर चर वळवायचा, मूळ तोडायचं नाही."

"पण गटार चराच्या तळापेक्षा वर असेल तर?"

हा मुद्दा मात्र बिनतोड. लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, आधी मोजायचं. गटार वर निघालं तर खड्डा करून पंप बसवायचा.

आधारावरून पुन्हा जुंपली. वायर रोप स्वस्त, पण मऊ चिखलात खुंटी उपटून येते आणि खोडाभोवती आवळलेली तार साल कापते. त्यापेक्षा कलाच्या बाजूला लोखंडी टेकू बरा. वर रबर लावलेली खोबण, खाली रुंद काँक्रीट बैठक. बैठक अरुंद ठेवली तर टेकूच खचतो.

"आणि छाटणी?"

"कलाच्या बाजूच्या लांब फांद्या, उपफांदीपर्यंतच. पानांचा पाव भाग ही कमाल मर्यादा. बोडकं केलंत तर मुळांना अन्न कुठून मिळणार? महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेची परवानगी आधी काढा."

बुंध्याशी गॅनोडर्माची कडक, तपकिरी बुरशी दिसली तर मात्र टेकूवर पैसे घालू नयेत. मुळं आतून कुजलेली असतात, ते झाड उतरवलेलंच बरं. यावर कंत्राटदारसुद्धा वाद घालत बसला नाही.