‘पहिला वस्तरा स्वस्तातलाच घ्या’ हा सल्ला कुठे चुकतो

वस्तऱ्याने दाढी शिकू पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सअॅपवर सारखा फिरत असतो. पहिला वस्तरा मिळेल तितका स्वस्त घ्या, हात बसला की चांगला घेता येईल. किंवा सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलायचा वस्तरा घ्या, तंत्र एकच आहे. पातं जाड आणि जड असलेलं बरं, ते सुरक्षित. पुण्याच्या पावसाळ्यात गंज चढेल म्हणून स्टेनलेसच घ्या. धार राखायचा चामड्याचा पट्टा नंतर बघू, तोवर कमरेचा पट्टा चालतो. आणि एकदा वस्तरा घेतला की आयुष्यभर खर्च नाही.

हे ऐकून वस्तरा घेणारे बरेच जण दोन-तीन दाढ्यांनंतर तो कपाटात टाकतात आणि आपला हातच वळत नाही असं ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. पात्याला धारच नसते.

म्हणून आधी स्वस्ताचा मुद्दा. ऑनलाइन अगदी कमी किमतीत जे मिळतं ते मुख्यतः दोन प्रकारचं असतं. पहिला प्रकार म्हणजे वस्तऱ्यासारखी दिसणारी वस्तू: मऊ स्टेनलेसचं पातं, आरशासारखं पॉलिश, लाकडी मूठ, कधी वर नक्षी. हे पोलाद दाढीची धार धरूच शकत नाही, दगडावर कितीही घासा. दुसरा प्रकार गोल्ड डॉलरसारख्या चिनी वस्तऱ्यांचा. त्यांचं पोलाद चांगलं असतं, पण घडण ओबडधोबड.

ही घडण का महत्त्वाची, ते समजून घ्या. वस्तऱ्याला धार लावताना पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची जाड कडा, आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात. धारेचा कोन हाताने धरायचा नसतो, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो ठरवतात. गोल्ड डॉलरमध्ये टाचेपाशी, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, एक जाड खांदा पात्यात उतरलेला असतो. दगडावर ठेवलं की पाठीऐवजी तो खांदा टेकतो, टाचेकडची बाजू उचलली जाते आणि तिथल्या भागाला धार लागतच नाही. जाणकार माणूस डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या पत्र्यावर, टाच मागे घासतो, खांदा दगडाबाहेर काढतो आणि मग त्याच पात्यातून उत्तम वस्तरा तयार करतो. पण हे काम शिकलेल्या हाताचं आहे. ज्याने अजून एकदाही दाढी केलेली नाही, त्याला धार लागली की नाही हेच कळत नाही.

दुकानात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, नेता आलं तर जरूर न्या. पात्याची रुंदी भागिले पाठीची जाडी, उत्तर साडेतीनच्या आसपास आलं पाहिजे. १६ मिलिमीटर रुंद पात्याला साधारण साडेचार मिलिमीटरची पाठ असेल तर धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास बसतो. उत्तर ३ च्या खाली गेलं तर कोन १९ अंशांच्या वर जातो आणि पातं केस कापण्याऐवजी ओढतं. ४ च्या बरंच वर गेलं तर धार इतकी बारीक होते की टिकत नाही. वस्तरा बंद करून पाहा: पातं मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उतरलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर प्रत्येक वेळी मिटताना धार मोडणार.

कंपनीच्या डब्यातून निघालेला नवा वस्तरा, महागडा असला तरी, दाढीला तयार असतोच असं नाही. तयार म्हणजे काय, तर १००० ग्रिटच्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) धारेचा कोन बसवलेला, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, शेवटी १२००० च्या आसपासच्या दगडावर उतरवलेला आणि चामड्यावर फिरवलेला. विकणाऱ्याला एवढंच विचारा: हा शेवटी कोणत्या दगडावर उतरवला, आणि कोणी? ‘एकदम शार्प आहे साहेब’ हे त्याचं उत्तर नव्हे.

घरी तपासायच्या दोन पद्धती. टेबललँपखाली धार वर करून पातं सावकाश फिरवा. नीट लागलेली धार दिसतच नाही, तिथे काळी रेघ असते. कुठे पांढरा ठिपका किंवा चमकती रेष दिसली, तर तेवढ्या जागी दोन्ही बाजू अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत किंवा तिथे खाच पडली आहे. घड्याळजीचं १० पटीचं भिंग असेल तर हे आणखी स्पष्ट दिसतं. दुसरी पद्धत: कातडीला न लावता हाताच्या केसांवरून, कातडीपासून सुमारे ५ मिलिमीटर वर, पातं न्या. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे केस तुटून पडले पाहिजेत, वाकून निसटता कामा नयेत.

बोथट वस्तरा कमी कापेल म्हणून शिकायला बरा, हा समज तर उलटा आहे. दाढी करताना पाठ कातडीपासून साधारण पाठीच्याच जाडीइतकी उचललेली असते, म्हणजे कोन ३० अंशांच्या आसपास, आणि दाब जवळजवळ शून्य. पातं अडलं की नवखा माणूस नकळत दोन गोष्टी करतो: दाब देतो आणि पाठ आणखी उचलतो. चेहरा कापतो तो याच क्षणी. शिवाय आपला कोन चुकतोय की धार गेलीय, हे त्याला वेगळं करून पाहता येत नाही. शिकताना दोन अज्ञात गोष्टी एकत्र नकोत. धारेची खात्री करून घ्या, मग फक्त हात सुधारायचा उरतो.

कमी पैशांत चांगलं पातं हवंच असेल तर जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना वस्तरा शोधा आणि वाचलेले पैसे जाणकाराकडून धार लावून घेण्यात घाला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, असा एखादा कधीमधी दिसतो. घेताना धारेपासून २-३ मिलिमीटरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, कारण दगडावर घासताना तेच खड्डे धारेवर येतात. पाठीवरचा गंज चालतो. धार मधोमध आत गेलेली असेल, किंवा पाठ एका बाजूने जास्त झिजून सपाट झाली असेल, तर नको. मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असेल आणि पातं एकाच पट्ट्यात विचित्र गंजलेलं असेल तर तेही नको, सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ पोलाद खाते. आणि पातं नुकतंच मशीनवर घासून चकाकवलेलं असेल तर पातळ भागावर निळसर छटा शोधा. तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, धार टिकणार नाही.

याच कारणासाठी वस्तरा गल्लीत फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकाखाली कधीही देऊ नका. सुरी-कात्रीला ते ठीक. वस्तऱ्याची पाठ-धार जुळणी आणि पोलादाचं पाणी दोन्ही एका मिनिटात जातं.

आता ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याबद्दल. सलूनमध्ये तो आला तो शिकायला सोपा म्हणून नाही. रक्तातून पसरणाऱ्या आजारांमुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हवं, म्हणून नाभिकांच्या धोकटीतला जुना वस्तरा मागे पडला. त्यात अर्धं मोडून बसवलेलं ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड आणि सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतं, आणि त्याचे दोन्ही कोपरे टोकदार. खऱ्या वस्तऱ्याची धार ७ सेंटिमीटरच्या आसपास, टोक गोल केलेलं, आणि पात्याला वजन असतं. ते वजनच काम करतं. हलक्या होल्डरमध्ये हात दाब द्यायला शिकतो, आणि ती सवय खऱ्या वस्तऱ्यावर मोडावी लागते. कातडी ताणणं, केसांची दिशा ओळखणं, डाव्या हाताने पकडणं एवढं त्यातून नक्की शिकता येतं. पण चूक माफ करण्यात तो खऱ्या वस्तऱ्यापेक्षा जास्त कडक आहे, कमी नाही. ‘तिथून सुरुवात करा, पुढचं सोपं’ हे म्हणूनच खरं नाही.

जाड पात्याचं थोडक्यात. पाचरीसारखं भरीव पातं दगडावर खूप पोलाद टेकवतं, त्यामुळे धार लावायला वेळ आणि कसब दोन्ही जास्त लागतं. उलट दोन्ही बाजूंनी पोखरलेलं हाफ किंवा फुल हॉलो पातं केस कापताना आवाज करतं, आणि कोन बिघडला की तो आवाज बदलतो. शिकणाऱ्याला एवढी मदत दुसरं काही करत नाही. ५/८ इंच रुंदी, गोल टोक, हाफ किंवा फुल हॉलो, साधी मूठ: पहिल्यासाठी एवढं पुरे. ६/८ चालेल. ७/८ नाकाखाली अडचण करतो.

गंजाची भीती खरी आहे, पण तिचा उपाय स्टेनलेस हा एकमेव नाही. चांगलं स्टेनलेस उत्तमच असतं, फक्त ते महाग असतं आणि दगडावर जास्त वेळ मागतं. स्वस्त सल्ल्यातलं स्टेनलेस वर सांगितलेलं मऊ पातं असतं. कार्बन पोलादाला जून ते सप्टेंबर एवढीच काळजी लागते: दाढीनंतर पातं आणि मुठीच्या पिनेजवळचा भाग कोरडा पुसा, चामड्यावर पाच-सहा फेऱ्या द्या, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरा. बाथरूममध्ये ठेवू नका, चामडी पाकिटात बंद करून तर नकोच. खोबरेल वापरू नका, पुण्याच्या थंडीत ते थिजतं आणि कालांतराने खवट चिकट होतं.

पट्ट्याच्या बाबतीत स्वस्ताचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पहिला पट्टा साधाच घ्या, कारण त्यावर चिरा पडणारच. पण तो चामड्याचा, कोरा, सपाट आणि शक्यतो ३ इंच रुंद हवा. कमरेच्या पट्ट्यावर शिलाई असते, ठसे असतात, बरेचदा वर रेक्झिनचा थर असतो. त्याने धार सुधारत नाही, वाकते. प्रत्येक दाढीआधी कापडी पट्ट्यावर २०-२५ आणि चामड्यावर ५० च्या आसपास फेऱ्या, पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर लोळवून उलटा करायचा, धारेवर कधीच नाही. पट्टा ताठ धरा. सैल सोडला की चामडं धारेभोवती वळतं आणि ती गोल होते.

एक अडचण मात्र वस्तऱ्याच्या माथी उगाच मारली जाते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा फेस टिकत नाही, चेहरा कोरडा पडतो आणि चांगलं पातंही अडखळतं. अशा सोसायटीत राहत असाल तर फेसापुरतं पेलाभर आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

आयुष्यभर खर्च नाही, हेही अर्धंच. पट्ट्याने धार राखली जाते, नवी होत नाही. काही महिन्यांनी पातं ओढायला लागलं की आधी क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे धार घासायची बारीक हिरवी पूड, लावलेल्या वेगळ्या पट्ट्यावर दहा-बारा फेऱ्या देऊन पाहा. त्यानेही भागलं नाही तर ८००० आणि १२००० च्या दगडावर उतरवावं लागतं. दगड स्वतः घ्यायचे की जाणकाराकडे द्यायचं, हे पहिल्या वर्षानंतर ठरवा. तोवर आठवड्यातून दोन-तीनदा फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा, हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरने.