धुक्यात होडी कशाला नेता? मुरूडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

पेनॉबस्कॉटच्या उपसागरातल्या धुक्यावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: मी अमेरिकेच्या मेन राज्यात राहते आणि गेली सात वर्षं उन्हाळ्यात एका मित्राच्या बत्तीस फुटी शिडाच्या होडीवर मदतीला जाते. लेखात धुक्यातल्या एका सफरीचं वर्णन होतं. काकांचं म्हणणं असं की, धुकं माणसं गिळतं, त्याचं असं कौतुक करणं बेजबाबदारपणाचं आहे. दुसरं, जीपीएस आल्यावर यात कसब ते काय उरलं. आणि तिसरं, हौशी लोकांनी पोटासाठी दर्यावर जाणाऱ्यांच्या वाटेत येऊ नये. "माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते, त्यांनी असल्या हवेत नांगर उचलला नसता," असं तुम्ही शेवटी लिहिलंत.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. मी मोत्यासारख्या उजेडाबद्दल लिहिलं, दोरांवर साचलेल्या थेंबांबद्दल लिहिलं, पण पाणी किती थंड असतं याबद्दल एक शब्द लिहिला नाही. इथे खरा वैरी धुकं नाही, पाणी आहे. मुंबईचा समुद्र वर्षातला बराच काळ २७-२८ अंशांवर असतो. पडलात तर भिजता. पेनॉबस्कॉटमध्ये जूनमध्ये पाणी दहा-बारा अंशांवर असतं, ऑगस्टमध्ये पंधरा-सोळावर. अशा पाण्यात माणूस पडला की पहिल्या क्षणी छाती आवळते, आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही. मॅनिटोबा विद्यापीठातल्या डॉ. गॉर्डन गीझब्रेख्त यांनी गोठत्या पाण्यासाठी दिलेला आडाखा इथे शिकवतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, एक तास शुद्ध राहते. उन्हाळ्यातल्या पाण्यात शेवटचा आकडा लांबतो, पण पहिल्या मिनिटाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून आमच्या होडीवर लाइफ जॅकेट अंगावर असतं, बाकाखाली नाही. धुक्यात डेकवर पुढे जाणारा माणूस कमरेचा पट्टा होडीला अडकवूनच जातो, कारण पन्नास फुटांवर पडलेला माणूस दिसत नाही. हा मजकूर मी आजच मूळ लेखाच्या सुरुवातीला घातला आहे. तो तुमच्यामुळे आला.

धुक्याबद्दल मात्र थोडं सांगू द्या. आपण 'धुकं पडलं' म्हणतो. कोकणात ते थंडीत पहाटे पडतं, दरीत साचतं, नऊ वाजता उन्हाबरोबर निघून जातं. इथलं धुकं पडत नाही, चालून येतं, आणि तेही जून-जुलैत. नैऋत्येचा दमट, उबदार वारा थंड पाण्यावरून वाहू लागला की हवेतली वाफ तिथेच गोठल्यासारखी पांढरी होते. पाणी थंड का, तर उत्तरेकडून येणारा गार प्रवाह आहेच, शिवाय भरती-ओहोटी खालचं गार पाणी सतत ढवळून वर आणते. पूर्वेला फंडीच्या उपसागराकडे जाल तशी भरती मोठी होत जाते आणि धुकंही दाट होत जातं. वारा सुटला म्हणून ते हटत नाही, वाराच ते घेऊन येतो. सेगुइन बेटाच्या दीपगृहावर १९०७ साली २,७३४ तास धुक्याची नोंद झाली, म्हणजे वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. धुकं नको म्हणणाऱ्यानं या किनाऱ्यावर होडी ठेवूच नये, कारण स्वच्छ आकाशाखाली निघालेला माणूसही तासाभरात त्यात सापडतो. त्याच्याशी वागायचं कसं हे शिकून घेणं एवढंच हातात राहतं.

आता जीपीएस. तो आमच्याकडे आहे, रडारही आहे, आणि ती नसती तर मी त्या दिवशी गेले नसते, हे आधी सांगते. पण नुसता पडदा बघून होडी नेता येते, हे मला मान्य नाही.

लेखातली ती सफर फॉक्स आयलंड्स थरोफेअर या दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेतून रॉकलंडकडे होती. ब्राउन्स हेडच्या दीपगृहापासून रॉकलंडच्या लाटा अडवणाऱ्या बांधाच्या टोकावरच्या दिव्यापर्यंत सव्वासात मैल, जवळजवळ सरळ पश्चिमेला. नकाशावर दिशा २६६ अंश येते. पण इथे होकायंत्राचा काटा खऱ्या उत्तरेपासून सुमारे पंधरा अंश पश्चिमेकडे झुकतो, त्यामुळे सुकाणू धरणाऱ्यानं काट्यावर २८१ ठेवायचे. मुंबईत हा फरक जवळजवळ शून्य आहे, म्हणून तिकडे तो कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तो विसरलात तर सव्वासात मैलांत दोन मैलांची चूक होते आणि रॉकलंड बंदराऐवजी तुम्ही आउल्स हेडच्या दक्षिणेला निघता. शिवाय बंदरात शिरताना तुमच्याकडे लाल बोया डावीकडे ठेवतात, अमेरिकेत उजवीकडे. पडदा हे सगळं दाखवतो, मान्य. पण पडदा बंद पडला तर दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहिलेली वेळ, दिशा आणि वेग एवढंच हाताशी राहतं. आम्ही ते लिहितो, पडदा चालू असतानाही.

निघून अर्धा तास झाला असेल, दक्षिणेकडून एक करडी भिंत आली आणि डोलकाठीचं टोक दिसेनासं झालं. पुढचं बघता यावं म्हणून आम्ही पुढचं शीड गुंडाळलं. मित्र सुकाणूवर, मी नाळेवर, होडीच्या अगदी पुढच्या टोकाला. दर दोन मिनिटांच्या आत भोंगा: शिडाच्या होडीनं एक लांब आणि दोन आखूड द्यायचे, इंजिनवर चालणाऱ्या जहाजानं एक लांब. थोड्या वेळानं बेटांची फेरी एक लांब भोंगा देत आली. मला तो आवाज उजवीकडून येतोय असं छातीठोक वाटत होतं. पडद्यावर फेरी डावीकडे होती. धुक्यात आवाजाची दिशा अशी फसवते, आणि तिथे पडद्यानं आम्हाला वाचवलं. ते श्रेय मी त्याला देते.

पण त्यानंतर जे झालं ते त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मला आधी वास आला. खारवलेल्या हेरिंग मासळीचा, दोन दिवस उन्हात राहिलेल्या टोपलीचा वास. वारा डावीकडून, जरा पुढून होता, म्हणजे जे काही होतं ते तिकडेच होतं. मी हात वर केला, मित्रानं शिडाची दोरी सैल सोडली, होडी मंदावली. मग समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, मग रेडिओवरचं गाणं आणि मग पंचवीस-तीस मीटरवर एक लॉबस्टर, म्हणजे मोठ्या शेवंडी, पकडणारी होडी, जागच्या जागी डुलणारी. नारिंगी मेणकापडाची विजार घातलेला माणूस सापळा कठड्यावर घेऊन जुनं आमिष पाण्यात झटकत होता. त्यानं आमच्याकडे न बघताच एक हात वर केला आणि पुढच्या सापळ्याकडे वळला. रडारवर त्याचा ठिपका होता, पण लाटांच्या आणि बोयांच्या ठिपक्यांत तो ओळखू येत नव्हता. नाकाला कळलं. या अनुभवाला मी 'ध्यान' म्हटलं ते तुम्हाला खटकलं. पण दीड तास माणूस फक्त ऐकतो, हुंगतो, पाण्याचा रंग बघतो, दुसरा एक विचार मनात येत नाही, त्याला मला अजूनही तोच शब्द जवळचा वाटतो.

हा लॉबस्टरवाला म्हणजेच तुमचा तिसरा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत लागला.

मेनमध्ये एका परवान्यावर जास्तीत जास्त ८०० सापळे टाकता येतात. प्रत्येकाच्या बोयांचे रंग ठरलेले, आणि तेच रंग होडीवरही दाखवावे लागतात. पाण्यावर नजर टाकली तर जत्रेत फुगे सुटल्यासारखे बोये असतात. पूर्वेकडे जोराच्या ओढीमुळे एका दोरीला दोन बोये लावतात, त्या दोघांच्या मधून गेलात की दोर अडकलाच. दोन वर्षांपूर्वी माझी नजर चुकली आणि एक दोर आमच्या सुकाणूत अडकला. ओहोटी जोरात होती, दोर तारेसारखा ताणला होता. सुरी काढून तो कापणं दहा सेकंदांचं काम होतं. पण खाली कुणाचा तरी सापळा असतो, त्यातली पकड असते, आणि बोया गेला की तो सापळा त्याला परत मिळत नाही. आम्ही शिडं उतरवली, इंजिनाला हातही लावला नाही आणि आकड्याच्या काठीनं पाऊण तास झटून तो सोडवला. माझे हात बधिर झाले होते. त्यानंतर नाळेवर उभं राहून मी दुसरं काही करत नाही, फोटोसुद्धा काढत नाही.

वाटेत येऊ नये, हे कबूल. पण तुमच्या आजोबांनी नांगर उचलला नसता, तसा आम्हीही बहुतेक वेळा उचलत नाही. गेल्या जुलैत नॉर्थ हेवन बेटाला दोन दिवस नांगरून बसलो. पहाटे साडेचारला लॉबस्टरच्या होड्या एकामागून एक सुटल्या. जुलैत अंगावर लोकरीचा स्वेटर घालून मी डेकवर उभी होते, इंजिनांचे आवाज धुक्यात विरत जाताना ऐकत. त्यांना जाणं भाग होतं, मला नव्हतं. हौशी माणसाकडे ही एकच मोठी सवलत असते, थांबण्याची. ती न वापरता जो निघतो त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण तुम्ही मचव्याचं नाव काढलंत. या किनाऱ्यावर एके काळी ग्रॅनाइट, चुना, लाकूड, बर्फ वाहून नेणारी दोन डोलकाठ्यांची गलबतं होती. ट्रक आले, माल गेला, गलबतं खाड्यांत कुजू लागली. १९३६ साली कॅम्डेनमध्ये कॅप्टन फ्रँक स्विफ्ट यांनी तसल्या एका जुन्या गलबतावर सुट्टीला आलेली माणसं न्यायला सुरुवात केली. 'लुइस आर. फ्रेंच' आणि 'स्टीफन टेबर' ही दोन्ही गलबतं १८७१ सालची, मालवाहू म्हणून बांधलेली. आज ती शिडांवर चालतात ती आमच्यासारख्या हौशी प्रवाशांच्या पैशावर. फळ्या बदलणारे सुतार, शिडं शिवणारे कारागीर, दोर विणणारे हात त्यामुळे टिकले. हौस आणि पोट इथे एकमेकांच्या इतकी आड येत नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारायचं आहे. आजोबांच्या मचव्याचं पुढे काय झालं? आणि नांगर उचलायचा नाही हे ते कशावरून ठरवायचे, वाऱ्यावरून, पाण्याच्या रंगावरून, की पक्ष्यांवरून? आठवतं तेवढं लिहा, तुटक असलं तरी चालेल.