आपल्याकडं मधली वाटच नाही

आजारी जोडीदाराचा जीव घेणाऱ्याला इंग्लंडचं कोर्ट कधीकधी तुरुंगाबाहेर का ठेवतं, हे एका लेखात नीट मांडलेलं वाचलं. तिथं १९५७ पासून, मनःस्थिती ढासळल्याचं सिद्ध झालं की खुनाचा गुन्हा सौम्य होतो अन् शिक्षा न्यायाधीशाच्या हातात येते. आपल्याकडं? एकतर ठार वेडा, नाहीतर खुनी, म्हणजे किमान जन्मठेप. मरणाऱ्यानं स्वतः संमती दिली असेल तर गुन्हा सौम्य धरायचा अपवाद आहे, पण अर्धांगवायूनं वाचा गेलेली बाई संमती देणार कशी? आमच्या मंगळवार पेठेत एक काका रात्रभर उठून काकूंची कूस बदलतात, नळीतून पेज भरवतात. अशा माणसाचं डोकं फिरलंच तर कोर्टानं काय बघायचं? सरसकट सूटही नको राव, इस्टेटीवर डोळा असलेले पुतणेही हेच कारण सांगतील. मनःस्थिती ढासळल्याची साक्ष देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची उलटतपासणी मात्र कडक पाहिजे.