पुंजी पुरते, फक्त मोजता आली पाहिजे

निवृत्तीनंतर आपले पैसे पुरतील का, हे आर्थिक सल्लागाराला कधीही विचारू नये. तो महागाई, आयुर्मान असले अपशकुनी विषय काढतो आणि वर फी घेतो. त्यापेक्षा सकाळी बागेतल्या कट्ट्यावर जावं. तिथे आकडा केव्हाच ठरलेला आहे: एक कोटी. का, ते विचारू नका. कोटी म्हटलं की पुढची चर्चाच थांबते.

आकडा ठरला की महिन्याचा खर्च काढावा, आणि तो आजचाच धरावा. आज 50 हजारांत घर चालतं ना? मग आणखी 24 वर्षांनीही चालेल. एखादा शहाणा सांगेल, 72 ला महागाईच्या दराने भागा; 6 टक्के धरले तर 12 वर्षांत खर्च दुप्पट, 24 वर्षांत चौपट, म्हणजे महिना दोन लाख. अशा माणसाला पुन्हा चहाला बोलावू नये. वाणी ओळखीचा आहे, तूरडाळ तो जुन्याच भावाने देईल.

व्याजाच्या बाबतीत मात्र उलटं करायचं. खर्च आजचा, दर कालचा. 1999 साली पीपीएफवर 12 टक्के मिळत होते, तेच धरून चला. एप्रिल 2020 पासूनचे 7.1 टक्के ही तात्पुरती अडचण समजावी.

आता मालमत्ता. राहता फ्लॅट पुंजीत धरायलाच हवा, नाहीतर बेरीज कोटीला पोचत नाही. डोंबिवलीतला टू बीएचके, शेजारच्याचा 85 लाखांना गेला, म्हणजे आपला 90 चा, कारण आपण किचनच्या टाइल्स बदलल्यात. त्यात राहायचंही आणि तो खायचाही. सुरुवात गॅलरीपासून करावी, मग बेडरूम. स्वयंपाकघर शेवटी, कारण तोवर शिजवायला जागा लागेल. गावच्या जमिनीतला हिस्साही विसरू नका. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातले चौघे वारलेत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. पण चांगला भाव आला की सगळे सह्या करतीलच.

खासगी नोकरीवाल्यांनी ईपीएसच्या, म्हणजे पीएफसोबतच्या सरकारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनवर निर्धास्त राहावं. सूत्र सोपं आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगार म्हणजे तुमचे नव्वद हजार नव्हेत हं. 2014 पासून त्यावर 15,000 ची मर्यादा आहे. 35 वर्षं झिजलात की महिन्याला आठ हजारांच्या आत काहीतरी हातात पडतं. महागाई भत्ता नाही, त्यामुळे रक्कम लक्षात ठेवायला सोपी. मरेपर्यंत तीच.

मरायचं कधी, हेही हिशेबातच ठरवून टाकावं. बहुतेकांचा तक्ता 75 व्या वर्षी संपतो, कारण पैसे तिथे संपतात. तुमच्या मातोश्री 91 व्या वर्षी कैरीचं लोणचं घालून वर ‘मीठ कमी पडलं’ म्हणून सुनेला ऐकवतात, त्यांच्याकडे पाहू नका. बायको पाच वर्षांनी लहान आहे, तिचा रकाना तक्त्यात नसतो. घातला तर बेरीज बिघडते. आजारपणही धरू नये. कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी निवृत्तीच्या दिवशीच संपतो, आणि नवा काढायला गेलात की ते उगाच शुगर, बीपी विचारतात.

एवढं करूनही आकडा कमीच भरला, तर शेवटची ओळ लिहावी: ‘मुलगा आहेच.’ त्याला सांगायची घाई नको, तो सध्या गडबडीत आहे. वाकडला फ्लॅट घेतलाय, वीस वर्षांचे हप्ते आहेत, डाउन पेमेंट तुमच्या पीएफमधूनच गेलं. कर्जाला हमीदार म्हणून कोणी सही केली, तेवढं जमल्यास एकदा कागद काढून पाहा.