२० मुलांची शाळा

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा विचार राज्याच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये पुढे आणला. कोकणाला त्याची धास्ती जास्त, कारण आपली गावं वाड्यांत विखुरलेली. एक वाडी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, दुसरी पऱ्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, आणि प्रत्येकीत मुलं मोजकीच.

फ्रान्समध्ये बसून हा वाद वाचताना तो २० चा आकडा डोळ्यांत भरतो. इथलं तिसरं प्रजासत्ताक १८७० चं. १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं, १८८२ मध्ये ६ ते १३ वयासाठी सक्तीचं, आणि सरकारी शाळेत धर्मशिक्षणाच्या जागी नागरिकशास्त्र आलं. १८८३ च्या कायद्याने तर प्रत्येक गावाला बजावलं: मुख्य वस्तीपासून ३ किलोमीटरवरच्या वाडीत शाळेच्या वयाची २० मुलं असली, की तिथे शाळा काढलीच पाहिजे. राजेशाहीचे पाठीराखे तेव्हा चांगलेच बळकट होते. उद्याचा मतदार लिहिता-वाचता झाला नाही तर प्रजासत्ताक टिकणार नाही, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या घटनेनेही ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत घातली होती. शिक्षणहक्काचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला.

आज इथेही खेड्यांतल्या शाळा बंद पडतात. शेजारची गावं मग वर्ग वाटून घेतात: लहान मुलं एका गावात, मोठी दुसऱ्यात, आणि मध्ये बस. हे चालतं ते दारापर्यंत डांबरी रस्ता आहे म्हणून. आपल्याकडे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडायचा असतो. जुलैत पऱ्या फुगला की साकवावरून पाणी जातं, गाडी पलीकडेच थांबते आणि मूल घरी राहतं. असे खाडे वाढले की आधी मुलीची शाळा सुटते.

म्हणून मला शाळा व्यवस्थापन समिती फार मोलाची वाटते. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, पण बऱ्याचदा काम सह्यांपुरतंच उरतं. समितीने शेवटच्या घरापासून शाळेपर्यंतचं अंतर पायवाटेने मोजावं. नकाशावरची सरळ रेघ पऱ्याला घातलेला वळसा दाखवत नाही. पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, तेव्हा हा वळसाच निर्णायक ठरतो. पावसामुळे बुडालेले दिवस हजेरीपटावरून तारखांसह उतरवावेत. येत्या ३ वर्षांत पहिलीत येणारी मुलं अंगणवाडीच्या नोंदीत सापडतात. हे सगळं शाळा विकास आराखड्यात घालून ग्रामसभेत ठरावाला आणावं.

घोळ होतो तो इथेच. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग जमलेल्या दहा-बारा जणांनी केलेला ठराव अख्ख्या गावाचा म्हणून वर जातो. तेव्हा वाडीने पहिल्याच सभेला यावं, बायकांनी तर नक्कीच, आणि ठराव इतिवृत्तात शब्दशः उतरला की नाही ते वाचून मगच उठावं.