"आत्ता नको, नंतर करू"

काल पुन्हा तेच. अकाउंट्सच्या मशीनवर अपडेटची सूचना, आणि साहेबांचं ठरलेलं उत्तर: "महिनाअखेर आहे, आत्ता नको." चौथा महिना आहे हा! कोपऱ्यातला नारिंगी ठिपका तसाच.

अहो, २०१७ विसरलात का? विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं सुरक्षेचं भोक मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला अपडेट देऊन बुजवलं. त्याच भोकातून शिरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम आला १२ मेला. जवळजवळ दोन महिने हातात होते! कुणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. एका मशीनला लागण झाली की तो बाकीची मशीन्स स्वतःच शोधायचा, फायली कुलूपबंद आणि ३०० डॉलरची मागणी. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तरी जाग नाही. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्राम त्याच भोकाचा वापर करत पसरला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) निघाला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघतात. म्हणजे दुरुस्तीबरोबर भोकाचा पत्ताही त्यांना मिळतो. किती वेळा सांगायचं हे? वीस मिनिटांचं काम आहे. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः बसतो, फक्त मशीन मोकळं करून द्या!